खताचं पोतं म्हणजे शेतीधोरण नव्हे

सप्टेंबर 2025 च्या निवडणुकीत मलावीच्या मतदारांनी लाझारस चकवेरा यांना घरी बसवलं आणि पीटर मुथारिका यांना पुन्हा अध्यक्ष केलं. महागाई, त्यातही मका आणि खताचे चढे भाव, हा प्रचारातला कळीचा मुद्दा होता. गेली वीस वर्षं या देशातली शेतीची चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन अडते: अनुदानाचं खत द्यायचं की बंद करायचं? एका बाजूला कर्ज आणि मदत देणाऱ्या संस्था आणि त्यांचे अर्थतज्ज्ञ. त्यांच्या लेखी अनुदान ही उधळपट्टी आहे. दुसऱ्या बाजूला सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष. त्याच्या लेखी अनुदानावर शंका घेणारा माणूस गरिबांचा वैरी आहे. दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत, असं माझं ठाम मत आहे. मलावीसारख्या गरीब देशाच्या सरकारने शेतीवर भरपूर पैसा खर्च केलाच पाहिजे. तिथली चूक जास्त खर्च करण्याची नाही. तो जवळपास सगळा पैसा एकाच पिकाच्या एकाच पोत्यात घालण्याची आहे.

आधी देश समजून घेऊ. मलावी हा सरोवराच्या कडेने पसरलेला चिंचोळा, समुद्रकिनारा नसलेला देश. लोकसंख्या दोन कोटींच्या वर, त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक खेड्यात. बहुतेक कुटुंबांकडे जेमतेम एक हेक्टर किंवा त्याहून कमी जमीन. नांगर आणि बैल फार थोड्यांकडे, बाकी सगळी मशागत हाताने, कुदळीने. पाऊस वर्षातून एकदाच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या पावसावर पेरणी, एप्रिल-मेमध्ये काढणी. मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्सिमा ताटात नसेल तर माणूस जेवलाच नाही, असं तिथे मानतात. डिसेंबर ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने: कणगी रिकामी, शेतात पीक उभं, आणि बाजारात मक्याचा भाव वर्षातला सर्वांत चढा. वर्षानुवर्षं मक्यावर मका घेतल्याने जमिनीतलं नत्र संपत आलेलं आहे. अशा जमिनीत खत घातलं तर पीक वाढतं, हे कुणीच नाकारत नाही.

खत पुरवण्याची जबाबदारी पूर्वी सरकारची होती. ॲडमार्क ही सरकारी संस्था गावोगावच्या केंद्रांतून खत-बियाणं विकायची आणि मका विकत घ्यायची. ती भ्रष्ट होती, शेतकऱ्याला कमी भाव द्यायची, हेही खरं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींपुढे मान तुकवून अनुदानं टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. सरकार बाजूला झालं की खासगी व्यापारी ती जागा भरून काढतील, असा सिद्धान्त होता. व्यापारी आले, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. आडगावातल्या अर्ध्या एकरवाल्याला उधारीवर खत द्यायला कोण जाणार होतं? 1998 मध्ये मदतीच्या पैशातून प्रत्येक लहान शेतकरी कुटुंबाला खत, मक्याचं आणि कडधान्याचं बियाणं असं एक छोटं पुडकं फुकट वाटलं गेलं. दोन हंगाम पीक बरं आलं, आणि लगेच ही योजना महाग पडते म्हणून तिला कात्री लागली. पाठोपाठ 2001-02 चा दुष्काळ. तोवर देशाचा राखीव धान्यसाठाही विकून झाला होता. माणसं भुकेने मेली. नेमकी किती, यावर आजही एकमत नाही.

2005 मध्ये पुन्हा पीक बुडालं. जवळपास 50 लाख लोकांना अन्नमदतीची गरज पडली. तेव्हाचे अध्यक्ष बिंगू वा मुथारिका, म्हणजे आताच्या अध्यक्षांचे थोरले बंधू, यांनी मदतदात्यांचा विरोध पत्करून स्वतःच्या अर्थसंकल्पातून अनुदान सुरू केलं. गावात कूपन वाटायचं, कूपन दाखवून 50 किलोचं पोतं 950 क्वाचांना (क्वाचा हे तिथलं चलन) घ्यायचं. सरकारी आकड्यांनुसार 2005 मध्ये 12 लाख टनांच्या आसपास असलेलं मक्याचं उत्पादन 2007 मध्ये 30 लाख टनांच्या पुढे गेलं. जगभर कौतुक झालं. कालपर्यंत भिकेचा कटोरा घेऊन उभा असलेला देश झिम्बाब्वेला मका विकू लागला. आफ्रिकेतल्या कितीतरी सरकारांनी मलावीकडे पाहून आपल्या अनुदान योजना पुन्हा चालू केल्या.

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत, आणि मला ते मान्य आहेत. पहिला असा, की 2006 आणि 2007 मध्ये पाऊसही चांगला झाला होता, तेव्हा सगळं श्रेय खताला देता येत नाही. दुसरा, सरकारी आकडे फुगवलेले असावेत. देशात एवढा मका शिल्लक होता तर 2008 च्या सुरुवातीला मलावीतच मक्याचे भाव भडकले कसे? याचं समाधानकारक उत्तर सरकारने कधी दिलं नाही. तिसरा खर्चाचा. 2008-09 मध्ये जगात खताचे भाव कडाडले तेव्हा या एका योजनेने देशाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे सहावा हिस्सा गिळला. चौथा, कूपन मुखियाच्या मर्जीतल्यांकडे जातं, आणि ज्यांनी एरवी स्वतःच्या पैशाने खत घेतलं असतं अशांनाच बरेचदा मिळतं. पाचवा, भ्रष्टाचार. 2022 मध्ये मलावीच्या सरकारी यंत्रणेने खतासाठी आगाऊ पैसे मोजले ते ब्रिटनमधल्या एका मांसविक्रेत्या कंपनीला. तिच्याकडे खत नव्हतंच. कृषिमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच काळात लोक विक्री केंद्राबाहेर रात्रंदिवस रांगा लावून बसले होते. ओळखपत्र तपासणारं यंत्र नेटवर्क नसल्याने बंद पडत होतं, आणि पेरणीचा पाऊस डोक्यावरून निघून जात होता.

एवढं सगळं मान्य करूनही 'म्हणून बंद करा' हा निष्कर्ष निघत नाही. बंद केलं तर काय होतं याचा प्रयोग मलावीने नव्वदच्या दशकात करून पाहिला आहे आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजली आहे. जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने 2007 मध्ये लिहून ठेवलं की आफ्रिकेत सरकारं मागे हटली, पण ती पोकळी खासगी क्षेत्राने अपेक्षेप्रमाणे भरली नाही. शिवाय हा सल्ला देणाऱ्या देशांपैकी कोणता देश आपल्या शेतकऱ्याला बाजाराच्या भरवशावर सोडतो? अमेरिका सोडत नाही, युरोप सोडत नाही. मलावीला तर खताचा प्रत्येक दाणा परदेशातून आणावा लागतो. तो मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदरातून नाहीतर टांझानियाच्या दार-ए-सलाममधून शेकडो किलोमीटर येतो, आणि डॉलरमध्ये मोजून घ्यावा लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये एका रात्रीत डॉलरचा अधिकृत दर सुमारे 1,180 क्वाचांवरून 1,700 वर गेला. जो शेतकरी आपला बहुतेक मका स्वतःच खातो, त्याने या दराने खत घ्यायला रोख पैसा आणायचा कुठून? 2023 मध्ये एका रशियन कंपनीने 20,000 टन खत देणगी म्हणून पाठवलं आणि सरकारने ते समारंभपूर्वक स्वीकारलं. पेरणी परक्याच्या देणगीवर अवलंबून असणं हे कोणत्याही देशाला परवडणारं नाही.

पण अनुदानाचे समर्थकही एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. ते भारताचं उदाहरण हटकून देतात: तुम्ही खतावर अनुदान दिलंत, तुमची हरितक्रांती झाली, मग आम्ही का नको? भारतात नेमकं काय झालं ते नीट पाहायला हवं. 1965-66 च्या दुष्काळात अमेरिकी गव्हाची जहाजं येतील तसं खाणारा हा देश होता. तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोचं गव्हाचं बियाणं आणलं, खत आणलं. पण त्याच 1965 मध्ये अन्न महामंडळ उभं राहिलं आणि कृषी मूल्य आयोगही. पंजाबच्या शेतकऱ्याला पेरतानाच ठाऊक होतं की पीक आलं की घेणारा आहे आणि भाव अमुक आहे. शेतात कालव्याचं नाहीतर विहिरीचं पाणी होतं. तीन पायांच्या त्या तिवईचा एकच पाय मलावीने उचलला. पाणी नाही, खरेदी नाही, फक्त पोतं.

खरेदीचं काय होतं ते बघा. एप्रिलमध्ये मका घरात आला की शाळेची फी, उधारी, औषधपाणी यासाठी शेतकऱ्याला लगेच काही पोती विकावी लागतात. सरकार किमान भाव जाहीर करतं, पण ॲडमार्कच्या हातात पैसा येईपर्यंत दोन-तीन महिने निघून जातात. 2022 मध्ये तर पुनर्रचनेच्या नावाखाली संस्थाच काही काळ बंद ठेवली होती. तोवर सायकलवर काटा बांधून फिरणारा व्यापारी पडेल भावात माल उचलून मोकळा झालेला असतो. तोच शेतकरी जानेवारीत त्याच व्यापाऱ्याकडून दुप्पट भावाने मका परत विकत घेतो. चांगल्या वर्षी भाव चढण्याची थोडी आशा असते, तेव्हा सरकार टंचाईच्या भीतीने निर्यातबंदी घालतं. जास्त पिकवलं तर जास्त मिळेल ही खात्री ज्याला कधीच नव्हती, त्याने पोत्याच्या जोरावर एकदा पीक वाढवलं, पुढच्या वर्षी पुन्हा पोत्याची वाट पाहिली. यात आश्चर्य कसलं?

पोतं वेळेवर पोचलं तरी पुढे काय होतं, हे राजधानी लिलोंग्वेच्या कचेरीत बसून दिसत नाही. जानेवारी महिना धरा. गुडघाभर मका, त्यात तण माजलेलं, पहिली खुरपणी आत्ताच व्हायला हवी. नेमकं याच वेळी घरातलं पीठ संपलेलं असतं. मग नवरा-बायको दोघंही कुदळ खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला जातात. याला तिथे गान्यू म्हणतात. दिवसभर राबून हातात येतात थोडे पैसे किंवा पातेलंभर पीठ. दुसऱ्याचं शेत वेळेवर खुरपून होतं, स्वतःचं राहतं. अनुदानाचं खत मग मक्याइतकंच तणालाही पोसतं. काही घरांत तर कूपनच डिसेंबरमध्ये विकलं जातं, कारण पोटात आज आग आहे आणि पीक चार महिन्यांनी येणार आहे. त्यांना बेजबाबदार ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांची मला चीड येते. या घरांना त्या दिवसांत रोख मदत मिळाली तर हात स्वतःच्या शेतात राहतील. मलावीत म्चिंजी जिल्ह्यात 2006 पासून अशा रोख मदतीचा प्रयोग सुरू झाला, पुढे तो देशभर पसरला, आणि त्याचे परिणाम चांगले दिसले. पण कृषी खात्याच्या लेखी ती 'समाजकल्याणा'ची बाब, शेतीशी तिचा संबंध नाही! खुरपणीच्या दिवसांत शेतकऱ्याला घरी ठेवणारा पैसा हा शेतीवरचा खर्च नाही तर काय आहे?

आणि जमीन? सेंद्रिय अंश संपलेल्या जमिनीत युरिया टिकत नाही, बराचसा पावसाबरोबर वाहून जातो. भारतीय वाचकाला हे नवं नाही. आपल्याकडे 2010 मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांचं धोरण बदललं, युरिया मात्र जुन्याच स्वस्त दरात ठेवला. शेतकऱ्याने जे स्वस्त तेच जास्त वापरलं, त्याचं फळ आपल्या जमिनी भोगत आहेत. मलावीत अनुदानाने हेच केलं, फक्त तिथे मका पिकवणं स्वस्त झालं आणि बाकी पिकं त्या मानाने महाग. योजनेत कडधान्याचं बियाणं नावापुरतं होतं, खर्चाचा फार मोठा भाग खतावरच जायचा.

इथे मला तुरीबद्दल जरा विस्ताराने लिहायचं आहे. मलावीच्या दक्षिण भागात तूर, तिकडची नांदोलो, पिढ्यान्‌पिढ्या मक्यात आंतरपीक म्हणून घेतली जाते. मक्याच्या वरंब्यावर ती सुरुवातीला हळू वाढते, मक्याशी भांडत नाही. एप्रिलमध्ये मका निघाला की तिला मोकळं आभाळ मिळतं. खोल मुळांनी ती खालची ओल शोषते, जुलैनंतर शेंगा देते, आणि तोवर तिचा पालापाचोळा शेतभर अंथरला जातो. उत्तरेकडच्या एक्वेन्डेनी भागात भुईमुगात तूर घेऊन पुढच्या वर्षी त्याच जमिनीत मका घ्यायचा प्रयोग शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केला. देशभरातल्या लहान शेतकऱ्यांच्या रानांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा झुडपी कडधान्यांबरोबर फेरपालट केली तर निम्म्या खतात मक्याचं जवळपास तेवढंच धान्य मिळतं, आणि डाळीची प्रथिनं वर, असं त्यांतून दिसलं. निम्मं खत म्हणजे निम्मे डॉलर. ज्या देशाला डॉलरची एवढी चणचण आहे, त्याच्या अर्थमंत्र्याने हा निष्कर्ष उशाशी घेऊन झोपायला हवं होतं.

मग ही पद्धत मध्य आणि उत्तर भागात का पसरली नाही? 'शेतकरी मागासलेले' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. एक साधं कारण शेळ्या. मक्याची काढणी झाली की तिथे गुरं-शेळ्या मोकळ्या सोडण्याची रीत आहे, आणि तूर तर तेव्हा कुठे फुलायला लागलेली असते. एकट्याने तूर लावली तर ती गावाच्या शेळ्यांची वैरण होते. यावर उपाय पोत्यात सापडत नाही. गावाने मिळून चराईचा कायदा ठरवावा लागतो, त्यासाठी मुखियांना एकत्र बसवणारा कृषी कर्मचारी लागतो, त्याला पगार लागतो, मोटारसायकलला पेट्रोल लागतं. अनुदानाने अर्थसंकल्प खाऊन टाकल्यावर नेमकी हीच माणसं आणि हेच पेट्रोल कमी पडलं.

तिसरा एक मतप्रवाह हल्ली जोरात आहे. तो म्हणतो, अर्ध्या-पाऊण हेक्टरची शेती कधीच परवडणार नाही, मोठी यांत्रिक शेतं उभी करा. चकवेरा सरकारने हीच हाक दिली होती. यातही तथ्य आहे. दर पिढीला जमिनीचे तुकडे होत आहेत, आणि सगळ्यांचं पोट त्यावर कायम भरणार नाही. पण मोठ्या शेतांचा प्रयोगही मलावीने करून झाला आहे. देशाचे पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत मोठ्या इस्टेटींना जमीन दिली, कर्ज दिलं. बर्ली तंबाखूसारखं पैशाचं पीक तर लहान शेतकऱ्याने घ्यायचंच नाही, असा कायदा होता. तो नव्वदच्या दशकात शिथिल झाला. बांडांच्या त्या तीस वर्षांत निर्यात वाढली आणि खेडी गरीबच राहिली. शहरांत कारखाने नाहीत. मग जमिनीवरून उठवलेली माणसं जाणार कुठे?

गेल्या काही वर्षांत मात्र सरकार सगळ्यांत वाईट वाट धरून चाललं. 2020 मध्ये चकवेरांनी नव्या नावाने योजना आणली तेव्हा लाभार्थी कुटुंबं सुमारे 37 लाख होती, म्हणजे जवळजवळ सगळेच लहान शेतकरी. पैसा पुरेना म्हणून ती 25 लाखांवर आली, मग 15 लाखांवर. यादीतून कुणाला वगळलं, का वगळलं, हे गावात कुणाला कळत नाही. बदल्यात ना रोख मदत आली, ना खरेदी, ना बियाणं. त्यात 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेतली शेतं वाहून नेली आणि 2024 मध्ये एल निनोच्या दुष्काळामुळे 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. पाऊसच आला नाही तर पोत्यातल्या खताचं काय करायचं? दक्षिणेतल्या शिरे नदीच्या खोऱ्यात सुमारे 43 हजार हेक्टर भिजवणाऱ्या कालव्याचं काम रेंगाळत चाललं आहे. एवढं मोठं सरोवर उशाला असलेल्या देशाची शेती अजून पावसाच्या एका सरीवर टांगलेली असावी, याचा जाब मतदारांनी दोन्ही पक्षांना विचारायला हवा.

या सगळ्याशी महाराष्ट्राचा संबंध आहे, आणि तो तुरीमुळे आहे. मलावीतून निर्यात होणारी तूर बहुतेक भारतातच येते. 2015-16 मध्ये आपल्याकडे तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली आणि पूर्व आफ्रिकेत शेतकऱ्यांनी आशेने तूर वाढवली. पुढच्याच हंगामात इथे विक्रमी पीक आलं. 2017 च्या उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भातले शेतकरी 5,050 रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टर लावून दिवसेंदिवस उभे होते, बारदाना नाही म्हणून परत पाठवले जात होते. ऑगस्टमध्ये केंद्राने आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे मलावीत, मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. 'आफ्रिकेच्या तुरीने आमचे भाव पाडले' असं आपण म्हणतो. त्या वर्षी तिकडचा शेतकरीही आपल्या धोरणाने तितकाच भरडला गेला. दोघांनाही पेरताना कुणी काही सांगितलं नव्हतं.

2021 मध्ये भारताने मलावीकडून दर वर्षी 50,000 टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला, त्याची मुदत 2025-26 पर्यंतची होती. नवा करार करताना आपल्या शेतकरी संघटनांनी आयात बंद करा एवढंच म्हणून थांबू नये. किती तूर येणार, कोणत्या महिन्यांत येणार, हे जूनच्या पेरणीआधी जाहीर करा आणि मग मधेच बदलू नका, अशी मागणी त्यांनी करावी. मलावीची तूर ऑगस्टनंतर निघते, आपली डिसेंबरनंतर बाजारात येते. नोव्हेंबरअखेर आयात थांबली तर लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या ताटातलं कुणी ओढून घेणार नाही. आणि मलावीच्या कृषी खात्याने त्या कराराच्या बळावर मक्याच्या पोत्यावरचा निदान चौथा हिस्सा पैसा तुरीच्या बियाण्याकडे, गावोगावच्या खरेदीकडे आणि चराईच्या बंदोबस्ताकडे वळवावा. पुढची पेरणी नोव्हेंबरमध्ये आहे.